बारीक चाकं

सिग्नल लाल होता, समोर कोणी नव्हतं, वेग तर नव्हताच, आणि तरीही तो पडला. पडला म्हणजे सायकलीसकट उजवीकडे आडवा झाला, कपाट कलंडावं तसा, सावकाश. दोन्ही बूट पेडलच्या चापात अडकलेले होते. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की बूट सुटतो, हे त्याला तोंडपाठ होतं. निघण्याआधी गॅलरीत भिंतीला धरून त्यानं तालीमसुद्धा केली होती. पण सिग्नलला सायकल थांबली, जन्मभराच्या सवयीनं त्यानं पाय टेकायला म्हणून वर ओढला, आणि पाय आलाच नाही. मग तो एक क्षण, ज्यात सगळं ठरून गेलेलं असतं आणि अजून काहीच झालेलं नसतं. त्या क्षणात शेजारच्या बसच्या खिडकीतल्या बाईनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि आता काय होणार ते दोघांनाही एकदमच कळलं. बाईनं तोंडावर हात ठेवला. तिला काहीतरी म्हणावं, काळजी करू नका वगैरे, असं त्याला वाटलं. पण तोवर खांदा रस्त्याला लागला होता.

रस्ता गार होता आणि खडबडीत. दंडाखाली एकेक खडा वेगळा कळत होता. पुढचं चाक हवेत आपल्याच नादात फिरत होतं. जमिनीवरून बसचा खालचा भाग दिसत होता, चिखल उडालेला, तेलकट, कुणी कधी बघत नाही तसा. आणि फुटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या कुणाच्या तरी चपला. आपण याआधी कधी पडलो होतो, तो आठवू लागला. लहानपणी तर रोजच पडायचं. एक खपली निघायच्या आत दुसरी. मग कधीतरी एका दिवशी माणूस पडायचं थांबतो आणि तो दिवस कोणता ते कुणाच्याच लक्षात येत नाही. मोठी माणसं पडत नाहीत. पडली तर ती बातमी होते, फोन होतात, एक्स-रे निघतात. तो पडल्या पडल्या अंगात कुठे दुखतंय ते शोधत होता, आणि दुखण्याच्या जागी त्याला भलतंच काही सापडत होतं, पोटाच्या तळाशी बुडबुडे यावेत तसं. ते हसू आहे हे ओळखायला त्याला जरा वेळच लागला. तेवढ्यात चौकाच्या पलीकडून हाक आली.

"बाबा."

ती सिग्नल पडायच्या आधीच पलीकडे गेली होती. आपली सायकल कठड्याला टेकवून ती पळत येत होती, सायकलच्या बुटांत धड पळता येत नाही म्हणून बदकासारखी, आणि पळता पळता तिनं दुसऱ्यांदा हाक मारली, "बाबा, उठू नका. आधी टाच वळवा." त्यानं टाच वळवली. खट् आवाज झाला आणि पाय सुटला, इतका सहज की त्याला लाज वाटली. पण त्याच्या मनात तो आवाज राहिला नाही. राहिली ती हाक. गेलं वर्षभर तिनं त्याला कोणत्याच नावानं हाक मारली नव्हती.

ती त्याची सून होती. होती म्हणजे आता नव्हती. त्याचा मुलगा आणि ती गेल्या वर्षी वेगळे झाले, शांतपणे, सह्या करून, एकमेकांना पाण्याची बाटली देत. मुलगा नोकरीच्या निमित्तानं दुसऱ्या शहरात गेला. ती इथेच राहिली, एका खोलीत, कामाच्या जवळ. ती लोकांचे कान तपासत असे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना काचेच्या खोलीत बसवून, कानावर हेडफोन चढवून, बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायचं, असं तिचं काम होतं. त्यामुळे तिची बोलायची पद्धतही तशीच झाली होती. समोर बघून, ओठ नीट हलवून, आवाज न चढवता. घरात ती सून म्हणून आली त्याच दिवशी त्याच्या बायकोनं तिला सांगितलं होतं, "इतकं स्पष्ट नको गं बोलूस, मला उगाच म्हातारी झाल्यासारखं वाटतं." दोघी खूप हसल्या होत्या. त्या पुढे बरंच हसत असत. म्हणूनच सगळं संपल्यावर त्याची बायको मुलावर चिडली नाही तेवढी हिच्यावर चिडली. "त्याला सोडलं ते सोडलं," ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली होती, "मला कशाला सोडलं? मी काय केलं होतं?" त्यानं पुसलेली भांडी फळीवर लावली होती.

तो स्वतः लिफ्ट तपासत असे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शहरातल्या इमारतींच्या लिफ्टा चालायला लायक आहेत की नाहीत हे बघून तसा शेरा द्यायचा. लिफ्टच्या टपावर उभं राहून अंधाऱ्या उभ्या बोगद्यातून वर जायचं, दोरांवर बॅटरी मारायची, तुटलेली तार शोधायची. मग तळाच्या खड्ड्यात उतरून तिथला कचरा, पाणी, गंज बघायचा. आयुष्यभर त्यानं वर आणि खाली एवढ्या दोनच दिशा पाहिल्या. आणि आयुष्यभर ब्रेक पाहिले. मुलाचं लग्न मोडलं तेव्हाही त्याचं डोकं त्याच पद्धतीनं चालू लागलं होतं. नेमकी कुठली तार तुटली, कधी, आपल्या लक्षात कशी आली नाही. रात्र रात्र तो मनातल्या मनात त्या संसाराच्या खड्ड्यात बॅटरी घेऊन उतरायचा आणि हात काळे करून परत यायचा. काहीच सापडायचं नाही.

सायकल मुलाची. वेगात चालवायची, खाली वाकलेल्या हँडलची, बोटभर रुंदीच्या चाकांची. हौसेनं घेतली, महिनाभर चालवली आणि भिंतीवर टांगली, असंच त्याला माहीत होतं. त्या दोघांचं घर रिकामं करताना ती सायकल घेऊन दारात आली. "ही इथे ठेवू का?" असं तिनं विचारलं, पण कुणाला विचारलं ते कळलं नाही, कारण ती सायकलीकडेच बघत होती. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आत नळ मोठा सोडलेला ऐकू येत होता. तो नळ असाच चालू राहिला तर काहीतरी कायमचं होईल असं वाटून तो घाईनं म्हणाला, "मी चालवली तर चालेल का?" ते बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण केवढं विचित्र बोललो. तिनं वर पाहिलं. आधी त्याच्या पोटाकडे, मग त्याच्या चेहऱ्याकडे. आणि मग ती हसली. "चालवली तर चालेलच," ती म्हणाली. "रविवारी सकाळी येते. बूट लागतील." आतला नळ बंद झाला.

सायकल काय, येतेच की, असं तो समजत होता. लहानपणी वडिलांच्या अवजड सायकलीवर शिकला, शाळेत गेला, पहिल्या नोकरीलाही गेला. एकदा आली की ती विसरत नाही म्हणतात. पण ही सायकल म्हणजे ती नव्हेच. पहिल्या रविवारी तो सीटवर बसला आणि आपण उंच भिंतीवरून खाली डोकावतोय असं त्याला वाटलं. हँडल कुठे तरी खाली, पुढे, गुडघ्यांच्याही पलीकडे. पाठ आडवी, मान वर, तोंड पुढे. कासवानं कवचातून डोकं काढावं तसं. हँडलला नुसता श्वास लागला तरी सायकल वळायची. रस्त्यावरचा प्रत्येक बारका खडा चाकातून दांड्यात, दांड्यातून मनगटात आणि मनगटातून थेट दाढांत यायचा. नदीकाठचा तो रस्ता त्याच्या रोजच्या जाण्यायेण्यातला. तो गुळगुळीत आहे असंच त्याचं मत होतं. आता त्या रस्त्याला अंग आलं होतं. इथे तो सोललेला होता, इथे कुणीतरी ठिगळ लावलेलं, इथे झाडाच्या मुळानं आतून ढुशी दिलेली. घरी आला तेव्हा त्याला बसवेना, उभं राहवेना, करंगळ्या बधिर झालेल्या. बायकोनं विचारलं, "झाली हौस?" त्यानं हो म्हटलं. आणि सोमवारी दुपारी ऑफिसमध्ये त्याच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून रविवारची वाट बघतोय.

तर सिग्नलला तो पडला, त्याचा बूट सुटला, आणि ती त्याच्याशेजारी रस्त्यावर उकिडवी बसून त्याचं कोपर बघत होती. सिग्नल हिरवा झाला. बस निघाली आणि खिडकीतली बाई मान वळवून वळवून बघत गेली. "कुठे लागलंय?" तिनं विचारलं. तो सांगू शकला नाही, कारण आता ते हसू वर आलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. तिला आधी वाटलं तो रडतोय. मग तीही हसू लागली. मागचे स्कूटरवाले हॉर्न वाजवत दोन्ही बाजूंनी जात होते आणि एक पांढऱ्या मिशांचा माणूस आणि एक तरुण बाई भर चौकात रस्त्यावर बसून हसत होती. "मीसुद्धा पडले होते," ती डोळे पुसत म्हणाली. "पहिल्याच दिवशी. त्याच्यासमोर." तो म्हणजे त्याचा मुलगा. वर्षभरात पहिल्यांदा तो त्यांच्या बोलण्यात आला होता आणि कुणाला काही झालं नाही. "बाबा" म्हटल्याचं मात्र तिला आठवलं असावं. ती उठली, त्याची सायकल उभी केली, हँडल सरळ केलं. मग तिनं पुढे हात केला. तो धरून तो उठला.

घरी बायकोनं कोपर धुतलं. ती औषधाच्या दुकानात काम करायची, जखम धुताना तिचा हात कडक असे. "तुमचं वय काय, तुम्ही करताय काय," ती म्हणाली. मग जरा वेळानं, पट्टी चिकटवता चिकटवता, सहज विचारल्यासारखं, "तिला लागलं नाही ना?" ती पडलीच नव्हती, त्यानं सांगितलं. "मी आपलं विचारलं," बायको म्हणाली आणि कात्रीनं पट्टीचं टोक कापलं. संध्याकाळी त्याला दिसलं, गॅलरीतल्या सायकलीवर तिनं एक जुनी चादर टाकली होती. धूळ बसू नये म्हणून, असं तिचं म्हणणं. पण चादर जशी टाकली होती ती धुळीसाठी नव्हे, झोपलेल्या माणसासाठी टाकतात तशी होती, कडा आत खोचून.

मग आठवडे असे जाऊ लागले की मधले सहा दिवस नुसते रस्त्यासारखे. आतून गादी लावलेली घट्ट चड्डी आली, आणि ती दोरीवर वाळत घातली तेव्हा बायको चार पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून तिच्याकडे बघत राहिली. "हे बाळासाठी आहे की तुमच्यासाठी?" कामावर त्याच्या जोडीदारानं, जो त्याच्याबरोबर मशिनच्या खोलीत चढायचा, त्याला जिने चढताना दम लागत नाही हे ओळखलं आणि वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाला, "साहेब, काय घेताय ते आम्हालाही सांगा." एकदा एका उंच इमारतीची तपासणी संपवून तो रिकाम्या लिफ्टमधून एकटाच खाली येत होता. तिन्ही बाजूंना आरसे. त्याला वाटलं, बघू तरी आपण दिसतो कसे. त्यानं कमरेत वाकून, कोपरं आत घेऊन, दोन्ही हातांनी हवेतलं हँडल धरलं, मान वर केली. आरशात एक पोट सुटलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस कुठे तरी जायच्या तयारीत होता. आणि त्या आरशातल्या आरशात आणखी कितीतरी, सगळे एकामागे एक, रांगेनं. त्याला स्वतःचं हसू आलं, आणि कौतुकही वाटलं. तो तसाच राहिला. तेवढ्यात मधल्याच मजल्यावर दार उघडलं. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई त्याच्याकडे बघत होती. त्यानं हळूच पाठ सरळ केली. "ब्रेक बघत होतो," तो म्हणाला. बाई पुढच्या लिफ्टनं येते म्हणाली.

मुलाचा फोन आला तो अशाच एका संध्याकाळी. इकडचं तिकडचं बोलणं झालं, हवा, तब्येत, बायकोची कंबर. मग मुलगा म्हणाला, "बाबा, आई म्हणत होती, तुम्ही दर रविवारी तिच्याबरोबर सायकलवर जाता." तो हो म्हणाला. "मला कसंतरीच वाटतं ते," मुलगा म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "म्हणजे आता ती तुमची कोण लागते?" त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. कोण लागते. सुनेसाठी शब्द आहे, मुलीसाठी आहे, भाचीसाठी, पुतणीसाठी, विहिणीसाठी, साडूसाठीसुद्धा आहे. नात्यांच्या एवढ्या भरल्या कपाटात हिच्यासाठी एकही खुंटी नव्हती. तो गॅलरीत उभा होता. चादरीखालून चाकाचा एक तुकडा दिसत होता. "ती मला सायकल शिकवते," तो म्हणाला. फोन कट झाला की काय म्हणून त्यानं बघितलं. मग मुलगा म्हणाला, "सीट किती वर ठेवलीय?" त्याला नीट सांगता येईना. "पेडल अगदी खाली असताना," मुलगा म्हणाला, "गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. अगदी सरळ नको. करंगळ्या बधिर होतात ना? मग सीट जरा मागे घ्या. मला त्यानंच बरं वाटायचं." आणि मग तो बोलतच राहिला. कुठला गिअर कुरकुरतो, कुठल्या वळणावर वाळू असते, टेकडीच्या माथ्यावर पोचल्यावर कसं एकाएकी सगळं शांत होतं. महिनाभर नव्हती चालवली त्यानं, दोन पावसाळे चालवली होती. रोज पहाटे, कुणाला न सांगता. आपल्या मुलाला एखादी गोष्ट एवढी आवडली होती आणि ते आपल्याला माहीतच नव्हतं, याचं त्याला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त असा एक आनंद झाला, जो कुणाला सांगावा ते त्याला कळेना. फोन ठेवताना मुलगा म्हणाला, "जपून जा," आणि जरा थांबून, "दोघंही."

सायकलवर शेजारी शेजारी जाता येत नाही, मागेपुढे जावं लागतं, आणि त्यामुळे बोलताना तोंड दिसत नाही. ती पुढे असायची. समोर बघून बोलायची तिची सवय इथे चालत नसे, म्हणून ती हातानं बोलायची. तळवा खाली, म्हणजे हळू. बोट खाली डावीकडे, म्हणजे त्या बाजूला खड्डा. हात पाठीमागून झाडल्यासारखा, म्हणजे कडेला गाडी उभी आहे, बाहेरून या. तो त्या हाताकडे बघत जायचा. आपली पुरती काळजी कुणीतरी पाठमोरं राहून घेतंय, याची एक वेगळीच ऊब असते. आणि तोंड दिसत नसल्यानं एरवी बोलली न जाणारी बोलणीही निघायची. नदीकाठच्या सपाट रस्त्यावर एकदा ती पुढे बघतच म्हणाली, "आमचं भांडण कधी झालंच नाही. तुम्हाला वाटत असेल, काय झालं. काही झालं नाही. आम्ही एकमेकांना ऐकू येईनासे झालो." चाकांचा आवाज येत राहिला. "आणि आईंना सांगायला आले होते मी," ती म्हणाली. "दारापर्यंत. त्या आत गाणं म्हणत होत्या. मला बेल वाजवता आली नाही." हे त्यानं घरी सांगितलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही घरात गाणं नव्हतं.

खड्ड्यांचं मात्र त्याला जमत नव्हतं. ती बोट दाखवायची, त्याला खड्डा दिसायचा, आणि तो बरोब्बर त्यातच जायचा. पुन्हा पुन्हा. जणू खड्ड्यानं बोलावलं होतं. शेवटी ती थांबली, वळली आणि समोर बघून, ओठ नीट हलवून म्हणाली, "तुम्ही खड्ड्याकडे बघताय." तो म्हणाला, "बघायलाच नको का? नाहीतर चुकवणार कसा?" "नाही," ती म्हणाली, "सायकल तुमच्या डोळ्यांच्या मागोमाग जाते. एकदा दिसला, झालं. मग त्याच्या शेजारचा चांगला रस्ता बघायचा." त्याला हे विचित्र वाटलं. त्याचा सगळा पगार खड्ड्याकडे बघण्याचा होता. पण पुढच्या खड्ड्याला त्यानं जिवावर उदार होऊन नजर काढून घेतली, कडेच्या करड्या पट्टीवर ठेवली, आणि सायकल गुमान, पाळलेल्या जनावरासारखी, त्या पट्टीवरून गेली. खड्डा कुठे तरी बाजूनं गेला. त्यानं तो पाहिलासुद्धा नाही. मग दुसरा, मग तिसरा. त्या दिवशी तो मुद्दाम खराब रस्त्यानं घरी आला. आणि त्या रात्री, कितीतरी महिन्यांनी, मुलाच्या संसाराच्या तळाशी बॅटरी घेऊन न उतरता तो झोपला.

टेकडीवर ते जाऊ लागले तेव्हा चढाचं त्याला काही वाटलं नाही. चढ म्हणजे नुसते कष्ट, आणि कष्ट त्याला कळत होते. भीती उताराची. ती वरून सुटायची आणि वळणाआड नाहीशी व्हायची. तो दोन्ही ब्रेक आवळून, दात आवळून, बोटांना गोळे येईपर्यंत इंच इंच खाली यायचा. ती खालच्या चहाच्या दुकानाशी वाट बघत असायची. एकदा फक्त म्हणाली, "ब्रेक गरम झाले असतील," आणि त्याच्याकडे बिस्किटं सरकवली.

एका शनिवारी जेवताना बायकोनं विचारलं, "त्या टेकडीच्या खाली काय आहे?" चहाचं दुकान, तो म्हणाला. "बस जाते तिथपर्यंत?" जाते. तिनं ताटातला भात बोटांनी गोळा केला. "तुम्ही घामेजलेले तसेच बसता वाऱ्यात. टॉवेल घेऊन येईन म्हणते." यावर तो काही बोलला असता तर ती आली नसती, हे इतक्या वर्षांच्या संसारानं त्याला नक्की कळत होतं. म्हणून त्यानं आमटी वाढून घेतली.

रविवारी माथ्यावर पोचल्यावर त्यानं ते तिला सांगितलं. आधी सांगायचा धीर झाला नव्हता. "खाली ही आलेली असेल," तो म्हणाला. ती हातमोज्याची पट्टी लावत होती, ती लावायची थांबली. "कशाला?" "टॉवेल घेऊन." तिनं खाली पाहिलं. इथून फक्त वळणं दिसत होती, झाडं, आणि लांबवर शहराच्या पाण्याच्या टाक्या. "रागवल्या असतील माझ्यावर," ती म्हणाली. "असेल," तो म्हणाला, "पण बस पकडून आलीय." तिनं पट्टी घट्ट लावली आणि निघाली. तो मागे राहिला. नेहमी दम खायला थांबायचा तसा, पण आज मुद्दाम जास्त. त्यांना वेळ हवा. तो बाटलीतलं सगळं पाणी प्यायला. एक मुंग्यांची ओळ बघितली. मग त्याला वाटलं, आता पुरे.

तो निघाला आणि पहिल्याच वळणाला बोटं ब्रेककडे गेली. सवय. त्यानं ती तिथेच ठेवली, नुसती टेकवून. वळणाच्या पलीकडे बघितलं, जिथे रस्ता पुन्हा सरळ होत होता, आणि सायकल कललेली, तोही तिच्याबरोबर कललेला, दोघं त्या सरळ रस्त्यावर येऊन पोचली. असं. एवढंच होतं ते. वाऱ्याचा आवाज वाढत गेला, मग इतका झाला की आवाजच राहिला नाही. डोळ्यांतून पाणी निघून कानाकडे जात होतं. झाडांचं नुसतं हिरवं झालं. त्याला कुणी आठवलं नाही, मुलगा नाही, बायको नाही, खाली काय चाललं असेल तेही नाही. समोर फक्त रस्त्याची ती वळत जाणारी कड होती, आणि तळव्यांत चाकांचं बारीक गुणगुणणं, आणि छातीत अशी जागा की तिथे आणखी एक माणूस मावला असता. आयुष्यभर त्यानं पडण्याविरुद्ध लढा दिला होता. आणि हे पडणंच होतं की, सरळ सरळ, नुसतं लांबवलेलं, डोंगराएवढं लांबवलेलं, आणि त्यात काही मोडत नव्हतं.

शेवटचं वळण सुटलं आणि त्याला त्या दोघी दिसल्या. दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला, उभ्या. भांडत नव्हत्या, गळ्यातही पडलेल्या नव्हत्या. दोघींनी ऊन लागू नये म्हणून कपाळाला हात धरला होता, दोघी वरच बघत होत्या, आणि दोघींच्या चेहऱ्यावर एकच काळजी होती. ती काळजी आपण आहोत, हे त्याला मोठ्या गमतीनं कळलं. बायकोच्या खांद्यावर टॉवेल होता. त्यानं थांबायला हवं होतं. ब्रेक बोटांखाली होते, चांगले होते, स्वतः तपासलेले होते. तो थांबला नाही. "येतो," एवढंच तो ओरडला आणि त्यांच्यासमोरून गेला. टॉवेलचं टोक वाऱ्यानं उडालेलं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, आणि मागून बायकोचं "अहो" ऐकू आलं, ताणत ताणत लहान होत गेलेलं.

सपाटीवर तो वेग आपणहून संपेपर्यंत जात राहिला. संपायला खूप वेळ लागला. मग वळला. परत यायला थोडा चढ होता आणि समोरून वारा, आणि तो पेडल मारत येत असताना त्या दोघी त्याच्याकडे बघत एकमेकींशी काहीतरी बोलत होत्या. जवळ आल्यावर त्याला बायकोचं वाक्य ऐकू आलं. "हे नेहमी असेच जातात का गं?" बायको विचारत होती. त्याच्या लक्षात आला तो त्यातला शेवटचा "गं". तो तसा जुनाच होता, रोजच्या वापरातला, कपात चमचा असावा तसा.

"नाही आई," ती म्हणाली. "एरवी फार वेळ लावतात."

तो उतरला. तोंडावरचं हसू त्याला आवरत नव्हतं. बायकोनं त्याच्या गळ्यात टॉवेल टाकला, जरा जोरानंच. "बसा आधी," ती म्हणाली. "द्या ती इकडे, मी धरते." तिनं साडीचा पदर खोचला, पाय फाकवून नीट उभी राहिली, दोन्ही हातांनी सायकलचा दांडा पकडला, आणि भरलेली बादली उचलावी तसा सगळा जोर लावून ती उचलली. सायकल एकदम तिच्या हनुवटीपर्यंत वर आली. बायको मागे हेलपाटली. तिनं आ वासून आधी सायकलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग तिच्याकडे.

"एवढीच?"

"एवढीच," ती म्हणाली.

बायकोनं सायकल खाली ठेवली. मग आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहून तिनं ती पुन्हा उचलली, या वेळी एकाच हातानं.